कणगीतले दाणे आणि आजची भाकरी

अब्बांचे निधन सप्टेंबर २००३ मध्ये झाले. चाळिसावा झाल्यावर आम्ही पाचही भावंडे त्यांची पत्र्याची पेटी उघडून बसलो. पेटीत एस.टी.च्या डेपोतले जुने बिल्ले होते, निवृत्तीच्या दिवशी मिळालेले घड्याळ होते (ते त्यांनी कधी हातात घातले नाही), एका फडक्यात बांधलेली तीन पासबुके होती आणि एक लांबट वही होती. तिन्ही पासबुकांची बेरीज धाकट्याने दोनदा केली. दोन लाख सदतीस हजार रुपये. आमच्या घरात इतका पैसा आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. अम्मालाही नव्हते.

अब्बा डेपोत फिटर होते. आमचे बालपण दोन खोल्यांत गेले. ईदला कापड एकाच ताग्यातले घेतले जाई आणि त्यात तिघा भावांचे सदरे होत. घरात एक पंखा होता, तो रात्री दहानंतर बंद. त्या वेळी आम्ही समजत होतो की आपण गरीब आहोत. त्या दुपारी पेटीपुढे बसून कळले की आपण गरीब नव्हतो, काटकसरी होतो. हा फरक वाटतो तेवढा लहान नाही. गरिबीवर कुणाला रागावता येत नाही. काटकसरीवर येते.

राग आला तो एका नोंदीमुळे. १९८६ साली आमचा गॅसचा नंबर लागला होता. त्या काळात गॅससाठी नाव घालून वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. अम्माला दमा होता. चुलीपुढे बसली की तासाभरात तिचा श्वास घरघरू लागे आणि मोठी बहीण शाळा बुडवून भाकऱ्या थापी. नंबर लागल्याचे कार्ड आले तेव्हा घरात ईद झाल्यासारखे वाटले होते. डिपॉझिट आणि शेगडी मिळून दीड हजाराच्या आतबाहेर खर्च होता. अब्बा म्हणाले, "इस साल नहीं होता. अगले साल देखेंगे." नंबर गेला. गॅस घरात आला १९९८ मध्ये, तोही मोठा भाऊ कमावता झाल्यावर.

पासबुकात १९८६ च्या त्या महिन्यात शिल्लक होती बावीस हजार चारशे.

मोठ्या बहिणीने ते पान अम्मापुढे धरले. अम्माने चष्मा लावला, आकडा वाचला आणि पासबुक मिटून ठेवले. म्हणाली, "उनों को डर लगता था." एवढेच. मग ती अस्रच्या नमाजला उठली.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाद सुरू झाला, तो पुरता मिटलेला नाही. अब्बा दूरदर्शी होते की कंजूष होते? पुढच्या दिवसांसाठी साठवणे म्हणजे शहाणपण की अल्लाहवरचा अविश्वास? आणि आजचा घास किती लहान करावा, म्हणजे उद्याचा घास शाबूत राहील? हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही, म्हणूनच या पानांवर मांडतो आहोत.

धाकटा भाऊ तबलीगच्या लोकांत ऊठबस करणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात सूरह हुमजहचा दाखला दिला. माल गोळा करणारा, तो मोजत बसणारा, हा माल आपल्याला अमर करील असे समजणारा; त्याची गत काय होते ते त्या सूरहमध्ये सांगितले आहे. सूरह तौबामध्ये सोने-चांदी साठवून अल्लाहच्या मार्गात खर्च न करणाऱ्यांना जो इशारा दिला आहे तोही त्याने ऐकवला. मधल्या भावाने तितक्याच जोरात उलटा दाखला दिला. पैगंबरांनी उंट मोकळा सोडून तवक्कुल करू पाहणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितले, ही तिर्मिजीतली हदीस कुणाला ठाऊक नाही? आणि बुखारीत हजरत उमर यांचे कथन आहे की पैगंबर (स.) आपल्या घरच्यांसाठी वर्षभराची बेगमी करून ठेवत. तवक्कुलची शिकवण देणाऱ्याच्या घरात वर्षाचे धान्य असेल, तर फिटरच्या पेटीत पासबुक का नसावे?

हा वाद नवा नाही. इस्लामच्या पहिल्या पिढीतच तो झालेला आहे. हजरत अबू जर गिफारी यांचे म्हणणे होते की गरजेपेक्षा अधिक जे जे उरते ते साठवणे म्हणजेच ती निषिद्ध संपत्ती. शाम प्रांतात हजरत मुआविया यांच्याशी त्यांचे याच आयतीवरून मतभेद झाले. पुढे ते मदिनेपासून दूर रबजा येथे राहिले आणि तिथेच त्यांचे निधन झाले. बहुसंख्य सहाबांनी मात्र असे मानले की ज्या मालाची जकात निघते तो माल साठवलेला असला तरी त्या इशाऱ्यात येत नाही. उम्मत या दुसऱ्या मताने चालली. पण अबू जर यांचे नाव आदराने घेणे तिने कधी सोडले नाही, हेही ध्यानात घ्यावे. आम्हाला वाटते, समाजाला मत एकाचे पटले, आणि टोचणी दुसऱ्याची हवीहवीशी वाटली.

अब्बांच्या वहीची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण धाकट्याचा आवाज तिने खाली आणला. वहीत १९७९ पासून दर रमजानची एक नोंद होती. शिल्लक, तिचा चाळिसावा हिस्सा, आणि पुढे फक्त अक्षरे. कुणाचे नाव नाही. 'ह. ची आई', 'मोमीन गल्ली, विधवा', 'शाळेची फी'. चोवीस वर्षांत एकही रमजान सुटलेला नाही. दुसऱ्या बाजूच्या पानावर बँकेने आणि पोस्टाने दिलेल्या व्याजाचे आकडे होते आणि त्यांच्यापुढेही खर्च लिहिलेला होता: गल्लीतल्या संडासाचे दार, गटारीवरची फरशी, पुन्हा संडासाचे दार. व्याजाचा पैसा सवाबच्या अपेक्षेशिवाय अशा कामी लावून टाकावा, हा आपल्याकडचा जुना रिवाज अब्बांनी काटेकोर पाळला होता. ते दार इतक्या वेळा का मोडत होते कोण जाणे, पण आमच्या लहानपणी ते नेहमी नवे दिसे ते का, याचा उलगडा त्या दिवशी झाला.

म्हणजे हा माणूस मोजत बसणारा नव्हता. शेजारच्या विधवेच्या चुलीची त्याला काळजी होती. घरच्या चुलीचा धूर मात्र त्याला दिसला नाही. किंवा दिसला, पण आपल्याच माणसाचा धूर तो आपलाच समजला. स्वतः जे सोसायचे त्यात बायकोने सोसायचे ते त्याने न विचारता धरून टाकले.

आमच्या मते सारी गोम इथे आहे. बचतीविषयी बोलताना आपण नेहमी असे बोलतो, जणू एकाच माणसाचा आज आणि त्याच माणसाचा उद्या यांच्यात देवघेव चाललेली आहे. आज मी थोडे कमी खाईन, उद्या मलाच मिळेल. हमाली करणाऱ्या एकट्या माणसाबाबत ते खरे असेल. घर म्हटले की ते खरे राहत नाही. घरात एकाचा उद्या राखण्यासाठी दुसऱ्याचा आज खर्ची पडतो. अब्बांना भीती म्हातारपणाची आणि आजारपणाची होती. किंमत अम्माच्या फुप्फुसांनी आणि मोठ्या बहिणीच्या शाळेने मोजली. उधळपट्टीचेही तसेच. लग्नात मांडव घालताना बाप आज मिरवतो आणि धाकट्या मुलाचे शिक्षण उद्या थांबते. मिरवणारा एक, फेडणारा दुसरा. तेव्हा प्रश्न आज किती आणि उद्या किती एवढाच नाही. कुणाचा आज, कुणाचा उद्या, आणि ज्याचा आज जातो त्याला विचारले होते का, हा प्रश्न आहे.

सूरह यूसुफ आपण सारे ऐकत आलो आहोत. सात वर्षे पिकाची, सात दुष्काळाची. हजरत यूसुफ यांनी सांगितलेली तजवीज बारकाईने पाहावी अशी आहे. कापलेले धान्य कणसातच राहू द्या, असे ते सांगतात. कणसातले धान्य टिकते हे आपल्याकडचा कुणीही शेतकरी सांगेल. आमची नानी ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घाली, तो त्याच शहाणपणाचा भाग. पण त्याच वाक्यात एक अपवाद आहे, तो आपल्या कानांवरून निसटतो: तुम्ही जे थोडे खाल ते वगळून. साठवणुकीच्या योजनेत आजची भाकरी आधीच वजा केलेली आहे. शिवाय ही कणगी यूसुफ यांची खाजगी नव्हती. मिसरच्या लोकांसाठी ती होती, आणि ज्यांनी त्यांना विहिरीत टाकले त्या भावांनाही तिच्यातून मापे भरून मिळाली. आणि दुष्काळानंतर काय? तर पावसाचे वर्ष येते आणि लोक फळांचा रस काढतात. साठवणुकीचा शेवट कुलपात नाही, रसात आहे.

आमच्यातल्या पुष्कळांच्या बाबतीत ते रसाचे वर्ष येतच नाही. धाकट्या बहिणीचे सासर रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे. तिच्या लग्नानंतर आम्ही घाटावरची माणसे पहिल्यांदा ती गावे पाहायला गेलो आणि चकित झालो. मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुमजली बंगले, संगमरवरी पायऱ्या, रंगीत काचा. आणि दारांना कुलपे. सत्तरच्या दशकानंतर कोकणातला मुसलमान तरुण मुंबईच्या गोदीकडून आणि बोटींवरून आखाताकडे वळला. कुवेत, दुबई, सौदी, बहरीन. त्याच्या पैशाने कौले गेली आणि स्लॅब आले. आमच्या बहिणीच्या सासऱ्यांनी अठ्ठावीस वर्षे तिकडे काढली. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. म्हणजे लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत एकत्र राहणे जेमतेम सव्वादोन वर्षे. त्यांनी बांधलेल्या घरात सात खोल्या आहेत. ते परत आले तेव्हा त्यांना मधुमेह होता, मुले आपापल्या व्हिसावर गेली होती आणि सात खोल्यांत दोन माणसे होती. ते एकदा आम्हाला म्हणाले, "घर बांधला, पण त्यात राहायची सवय राहिली नाय."

त्यांना दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. त्यांच्या पैशावर दोन बहिणींची लग्ने झाली, तीन मुले शिकली. पण साठवलेला पैसा तरी शाश्वत असतो का? २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घातले आणि ज्यांची सारी कमाई तिथल्या बँकांत होती ती माणसे एका रात्रीत अंगावरच्या कपड्यांवर आली. सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले. कोकणातल्या कित्येक गावांत त्या पावसाळ्यात असे लोक उतरले की ज्यांच्या हातात एक पिशवी होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून अनेकांना भरपाई मिळाली, पण मधे वर्षे गेली. आणि संगमरवरालाही पाणी लागते. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घरांत शिरले तेव्हा आयुष्यभराची जमवाजमव चिखलात गेलेली अनेकांनी पाहिली. उद्याची खात्री कणगीनेही मिळत नाही. ती मिळेल असे समजून ज्याने आजचे सारे देऊन टाकले त्याची फसगत दुहेरी होते.

मग आज खाऊन मोकळे व्हावे का? "कल किसने देखा" म्हणणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यांचा हिशेब आम्ही अधिक जवळून पाहिला आहे. अब्बांच्या थोरल्या भावाने, आमच्या बडे अब्बांनी, हाताला कधी गाठ मारली नाही. दिलदार माणूस. बिर्याणीची देग त्यांच्या दारात चढली की गल्ली जेवायची. मुलीच्या लग्नात त्यांनी फर्निचरचा ट्रक भरून दिला, तो गावातून फिरवला, आणि दोन वर्षांनी राहते घर गहाण पडले. चाचीचे दागिने सोनाराकडे गेले ते आले नाहीत. हात मानेला बांधूनही ठेवू नये आणि पुरता मोकळाही सोडू नये, अन्यथा लोकांचे बोल खात, रिकामे होऊन बसावे लागेल, असे सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे. त्यातली बसण्याची अवस्था आम्ही बडे अब्बांच्या ओट्यावर पाहिली आहे. जहेजविरुद्ध आपल्या साहित्यात इतके लिहून झाले आहे की त्यात भर घालत नाही. फक्त एवढे म्हणू की इसराफ हा शब्द आपण मद्यप्यांसाठी राखून ठेवतो, वलीम्याच्या तिसऱ्या गोड पदार्थासाठी वापरत नाही.

ज्या हदीसने आमच्या घरातला वाद थोडा शांत केला ती हजरत सअद बिन अबी वक्कास यांची. ते मक्केत फार आजारी पडले आणि पैगंबर (स.) त्यांच्या समाचाराला आले. सअद यांच्याकडे माल बराच होता आणि वारस म्हणावी अशी एकच मुलगी. त्यांनी विचारले, दोन तृतीयांश दान करू? नाही. अर्धे? नाही. एक तृतीयांश? ते चालेल, आणि तेही पुष्कळ आहे. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडून जाणे बरे, असा त्याचा खुलासा. बचतीच्या बाजूने इतके स्पष्ट बोल दुसरे नसतील. मधला भाऊ इथेच थांबत असे. पण हदीस इथे थांबत नाही. त्याच बिछान्याशी, त्याच बोलण्यात पुढे असे येते की अल्लाहसाठी जो खर्च कराल त्याचा मोबदला आहे, अगदी बायकोच्या तोंडी घातलेल्या घासाचासुद्धा. मागे राहणाऱ्या मुलीसाठीची ठेव आणि आज बायकोच्या तोंडातला घास, दोन्ही एका दमात. आणि गंमत पाहा, सअद त्या आजारातून उठले, पुढे बरीच वर्षे जगले, त्यांना आणखी मुलेबाळे झाली. मृत्यूचा अंदाज धरून केलेला हिशेब चुकला असता.

हे वाचले तेव्हा मोठी बहीण म्हणाली, "अब्बांनी अर्धीच हदीस पाळली."

एका बाबतीत मात्र अब्बांचा दोष आम्ही त्यांच्या एकट्याच्या माथी मारत नाही. साठवायचे कसे, ही अडचण खरी आहे. त्यांनी व्याज स्वतःसाठी घेतले नाही. दर वर्षी जकात काढली. अशा पैशाचे काय होते? १९८६ चे ते बावीस हजार चारशे तेव्हाच्या भावाने दहा तोळे सोन्याच्या आसपास होते. २००३ मध्ये त्याच रकमेत चार तोळे आले असते. निजलेला पैसा झिजतो. यतीमांचा माल व्यापारात लावा, नाहीतर जकात तो खाऊन टाकील, असे हजरत उमर यांनी सांगितल्याचे मुअत्तामध्ये आहे. म्हणजे पैसा निजू नये, कामाला लागावा, ही अपेक्षा आहे. मलेशियात हजला जाणाऱ्यांची बचत एकत्र करून ती व्याजाविना व्यवहारात गुंतवणारी संस्था १९६३ पासून उभी आहे. आज ती ताबुंग हाजी म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे हजची बचत गादीखाली असते, आणि हज कमिटीमार्फत जायचे तरी खर्च तीन लाखांच्या पुढे गेला आहे. भागीदारीवर धंद्यात पैसे घालावे तर हलालच्या नावाखाली बुडवणारेही आपल्यातच निघाले. बँकेकडे कर्जासाठी जावे तर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातच नमूद आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग नकारात्मक क्षेत्र म्हणून ठरवून ठेवले होते. अशा माणसाला पत्र्याची पेटी जवळची वाटली तर नवल नाही. अम्मा म्हणाली तेच खरे, त्यांना भीती वाटत होती. आणि भीतीने साठवणारा माणूस किती साठले म्हणजे पुरे, हे ठरवू शकत नाही, कारण भीतीला आकडा नसतो.

बायकांची बचत मात्र निराळी असते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत तांदळाच्या डब्यांतून, कुरआनच्या रिहलीखालून, चोळीच्या गाठोड्यांतून नोटा बाहेर आल्या. ज्यांना आपण अडाणी समजत होतो त्या बायकांकडे आठ-आठ, दहा-दहा हजार निघाले. काही नवरे रागावले. कशाला रागावले? तो पैसा त्या बायकांनी स्वतःची भाजी कमी करून वाचवला होता. खरे तर शरीअतने स्त्रीला तिच्या नावाची ठेव पहिल्याच दिवशी दिलेली आहे. महर ही तिची, केवळ तिची. आपण तो उधार ठेवतो, निकाहनाम्यावर आकडा लिहितो आणि नवऱ्याच्या जनाज्यापाशी तिच्याकडून माफ करून घेतो. अम्माचा महर पाचशे पंचवीस रुपये होता. अब्बांच्या वहीत चोवीस वर्षांच्या जकातीचा हिशेब होता, महरची नोंद नव्हती. अम्माला विचारले तर ती म्हणाली, माफ केला. कधी? "उस दिनच. सब बोले तो."

फेब्रुवारी २००४ मध्ये मधल्या भावाच्या हृदयाची झडप बदलावी लागली. एक लाख चाळीस हजार. तोवर वाटणी कागदावर झाली होती, हातात कुणाच्याच काही आले नव्हते. दोन लाख सदतीस हजारांतला आठवा हिस्सा अम्माचा, एकोणतीस हजार सहाशे पंचवीस; उरलेल्यातून भावांना दोन-दोन वाटे, बहिणींना एक-एक. आम्ही भावांनी बसून ठरवले की सगळे पैसे एकत्रच ठेवू आणि ऑपरेशन करू. तेव्हा मोठी बहीण उठून उभी राहिली. "देणारच आहोत," ती म्हणाली, "पण आधी विचारा तरी." आम्ही गप्प झालो. मग तिला विचारले, धाकटीला विचारले, अम्माला विचारले. तिघींनीही दिले. ज्या पैशासाठी अम्माने बारा वर्षे जादा धूर गिळला, त्यातला आपला वाटाही तिने मुलाच्या छातीसाठी देऊन टाकला.

भाऊ वाचला. अब्बांनी गॅस घेतला असता तरी तो वाचला असता. दीड हजाराने एक लाख चाळीस हजारांत काही कमी पडले नसते. आणि बडे अब्बांसारखे वागले असते तर तो वाचला नसता. या दोन वाक्यांपैकी एक मोठ्या बहिणीचे आहे, दुसरे मधल्या भावाचे. दोन्ही खरी आहेत आणि जेवणाच्या वेळी ती एकमेकांना ऐकवली जातात.

अम्मा आता चौऱ्याऐंशीची आहे. दम्याचा पंप उशाशी असतो. तिच्या खोलीत आम्ही एसी बसवू म्हटले तर आधी नको म्हणाली, मग म्हणाली, भिंतीला भोक पाडणार असाल तर मागच्या भिंतीला पाडा, पुढून वाईट दिसते. तो ती रात्री दहानंतर बंद करते. गल्लीतल्या बाराजणींची भिशी आहे, महिन्याला पाचशेची. तिच्यात अम्मा सर्वांत जुनी. गेल्या वर्षी तिचा नंबर लागला तेव्हा तिने सहा हजारांतून स्वतःसाठी लोकरीची शाल घेतली, एका मुलीची परीक्षेची फी भरली आणि उरलेले डब्यात ठेवले. किती उरले ते सांगितले नाही. कशासाठी ठेवले असे धाकट्याने विचारले, तर तिने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने विषय बदलला. या वर्षी तिचा नंबर मार्चमध्ये आहे.